फोल्डस्कोप: कपाटात ठेवणार असाल तर घेऊ नका, पोरांच्या हातात देणार असाल तर आजच घ्या

आधी निकाल सांगते, मग बाकीचं. फोल्डस्कोप म्हणजे घडी घालून बनवायचा कागदी सूक्ष्मदर्शक, वस्तू चांगली आहे, घ्या. पण शाळेला एक घेऊन काही होणार नाही, दोन मुलांत एक या हिशोबाने घ्या, आणि घेतल्यावर २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या प्रदर्शनासाठी जपून ठेवू नका. मी सातवी-आठवीला विज्ञान शिकवते, मराठी माध्यम, खेड्यातली शाळा, आणि आमच्याकडे फोल्डस्कोप आल्यापासून विज्ञानाच्या तासाला जे बदललंय ते नीट लिहावं असं बरेच दिवस डोक्यात होतं, कारण याबद्दल जे काही वाचायला मिळतं ते एकतर "वा काय स्वस्त शोध" या टाइपचं असतं नाहीतर किट उघडून दाखवलं आणि संपलं असं असतं, वर्गात चाळीस पोरं समोर असताना ते कसं चालतं हे फारसं कुणी सांगत नाही.

पहिल्यांदा अडचण काय होती ते सांगते. बहुतेक शाळांत एक सूक्ष्मदर्शक असतो. तो कपाटात असतो, किल्ली कुणाकडे तरी असते, आणि वर्षातून एकदा पेशीचा धडा आला की तो टेबलावर येतो, मॅडम स्वतः स्लाइड लावतात, फोकस करतात आणि मग रांग. एकेक पोरगं येतं, डोळा लावतं, मागचा ढकलतो, "दिसलं का?" "हो मॅडम दिसलं", पुढे. ३५ मिनिटांच्या पिरियडात चाळीस मुलं म्हणजे एकाच्या वाट्याला मिनिटसुद्धा येत नाही, त्यात कुणाचा हात लागून फोकस हलला की पुढच्या पाच जणांना नुसता पांढरा उजेड दिसतो आणि तरी ती "दिसलं" म्हणतात कारण नाही म्हटलं तर आपणच ढ ठरू असं त्यांना वाटतं. मग जागेवर जाऊन पुस्तकातली कांद्याच्या पापुद्र्याची आकृती वहीत उतरवायची, छान पट्टीने नावं द्यायची, झालं प्रात्यक्षिक. यात मुलाने स्वतः केलं काय? रांगेत उभं राहिलं. आणि मग आपण स्टाफरूममध्ये म्हणतो की हल्लीच्या मुलांचं लक्षच नसतं. लक्ष द्यावं असं काही त्याच्या हातात दिलं होतं का, हा प्रश्न आधी विचारायला हवा, असं माझं प्रामाणिक मत आहे.

फोल्डस्कोप नेमका इथेच कामाला येतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: हा घडी घालून बनवायचा कागदी सूक्ष्मदर्शक आहे. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठातले मनु प्रकाश, मूळचे मेरठचे आणि कानपूर आयआयटीचे, त्यांच्या प्रयोगशाळेत जिम सायबुल्स्की वगैरे विद्यार्थ्यांबरोबर हे तयार झालं, २०१४ साली त्याचा शोधनिबंध आला. प्रकाश सरांनी सांगितलेली गोष्ट अशी की थायलंडमधल्या जंगलातल्या एका संशोधन केंद्रात त्यांना एक महागडा सूक्ष्मदर्शक दिसला, पण बिघडेल या भीतीने कुणी त्याला हातच लावत नव्हतं. ही गोष्ट वाचली तेव्हा मला आमचं कपाट आठवलं. तर त्यांनी विचार केला की किंमत इतकी खाली आणायची की मोडला तरी कुणाच्या पोटात गोळा येणार नाही. त्या निबंधात सुट्या भागांचा खर्च १ डॉलरच्या आत दाखवला होता आणि वजन ९ ग्रॅमच्याही आत. आता हा आकडा ऐकून काही जण दुकानात किंमत बघतात आणि फसवणूक झाली म्हणतात, तसं नाहीये, तो आकडा फक्त मालाचा आहे, तयार किट घेताना त्यापेक्षा जास्तच पडतं. पण शाळेच्या एका बऱ्यापैकी सूक्ष्मदर्शकाच्या पैशात आख्खा वर्ग होईल इतपत नक्की परवडतं.

आत काय आहे? जाड, न फाटणारा, पाण्याने न भिजणारा कागद, आणि एक काचेचा मणी. तो मणीच लेन्स. साधारण २.४ मिलिमीटर व्यासाचा, आणि त्यातून १४० पट मोठं दिसतं. सतराव्या शतकात हॉलंडमध्ये लेव्हेनहूक यांनी एका लेन्सच्याच छोट्या उपकरणातून पाण्यातले जीव पहिल्यांदा बघितले, तेच तत्त्व. मणी जितका लहान तितकं मोठं दिसतं, हे आठवीच्या पोरांना मी आधी पाण्याच्या थेंबाने दाखवते, प्लॅस्टिकच्या पारदर्शक पिशवीवर एक थेंब ठेवायचा आणि खाली वर्तमानपत्राची अक्षरं, मोठा पसरट थेंब आणि छोटा गोल थेंब, फरक लगेच कळतो. त्याला पैसे लागत नाहीत आणि त्यानंतर फोल्डस्कोप हातात आला की "अच्छा, म्हणजे आत तसाच थेंब आहे, फक्त काचेचा" हे त्यांचं तेच बोलतात.

जोडणी. पहिल्या वेळेस आख्खे दोन तास घ्या, घाई करू नका. भाग कागदातून सुटे करायचे, चित्रं बघून घड्या घालायच्या, एकात एक सरकवायचे. सरावलेला माणूस दहा मिनिटांत करतो पण चाळीस पोरांना ते पहिल्या फटक्यात दहा मिनिटांत जमत नाही आणि जमू पण नये. मी बघितलंय की इथेच वर्गाची उलथापालथ होते, जी मुलं परीक्षेत पुढे असतात ती चित्र बघून अडतात आणि मागच्या बाकावरचा, ज्याला मोटर उघडायची सवय आहे, घरी सायकल स्वतः खोलतो, तो पाच मिनिटांत जोडून मोकळा होतो आणि मग सगळा वर्ग त्याच्याभोवती. त्या मुलाकडे बाकीच्यांनी मदत मागितल्याचं मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं. तयार जोडलेले फोल्डस्कोप द्यायचा मोह कुणाला होत असेल (वेळ वाचतो ना) तर तो टाळा. जोडताना ते उपकरण मुलाचं होतं, त्यावर नाव लिहू द्या. छोटे लोहचुंबक असतात ते मात्र आधी मोजून द्या आणि नंतर मोजून घ्या, ते बाकाच्या लोखंडी पायाला चिकटून बसतात आणि मग सापडत नाहीत.

आता पहिलं निरीक्षण, आणि इथे मी सगळ्यात जास्त बोलणार आहे कारण शिकवण्याचा सगळा प्रकार इथे ठरतो. पाण्याचा थेंब घेऊन पोरं बघतात आणि पाच मिनिटांत आरडाओरडा, "मॅडम जंतू दिसला!" काय दिसतं? गोल, कडेला जाड काळी रेघ, आत स्वच्छ. दहापैकी आठ जणांना हेच दिसतं. तो हवेचा बुडबुडा असतो. आता तुम्ही काय करता यावर सगळं आहे. "अरे तो बुडबुडा आहे, जंतू नाही" असं म्हटलं की काम तीन सेकंदांत संपतं, पोरगं हिरमुसतं, आणि पुढच्या वेळी काही दिसलं तर आधी मॅडमच्या तोंडाकडे बघतं. त्याऐवजी मी विचारते, "बरं, जिवंत आहे का ते कसं ठरवशील?" मग सुरू होतं. एक म्हणतो हलतंय म्हणजे जिवंत, दुसरी म्हणते तू स्लाइड हलवतोयस म्हणून हलतंय. मग स्लाइड स्थिर ठेवून बघतात. हलत नाही. मग तिसरा म्हणतो झोपला असेल. मग कुणीतरी म्हणतं की सगळ्यांच्या स्लाइडमध्ये अगदी एकसारखी काळी कड कशी काय. मग एक पोरगी मुद्दाम स्ट्रॉने पाण्यात फुंकून बुडबुडे करून त्याचा थेंब घेते आणि तस्संच दिसतं. संपलं, त्यांनीच सिद्ध केलं. मी एक शब्द सांगितला नाही. आख्खा तास गेला, धडा एक ओळ पुढे सरकला नाही, आणि तरी माझ्या मते त्या आठवड्यातला तो सगळ्यात चांगला तास होता, कारण "सजीवांची लक्षणे" हा पाठ केलेला मुद्दा त्यांनी पहिल्यांदा खऱ्या भांडणात वापरला.

पाणी कुठलं आणायचं ते पण सांगते. नळाचं, क्लोरीनचं किंवा फिल्टरचं पाणी आणाल तर काही दिसणार नाही आणि पोरं कंटाळतील. ओढ्यातलं, डबक्यातलं, जनावरांच्या हौदातलं हिरवट पाणी आणा, शेवाळाचा थोडा पुंजका त्याच पाण्यात पिळा, तिथे गर्दी असते. उन्हाळ्यात डबकी आटली तर विहिरीच्या पाण्यात वाळलेलं गवत चार-पाच दिवस भिजत ठेवा, पाण्यावर साय आली की त्या सायीखालचा थेंब घ्या, पॅरामेशियम (एकाच पेशीचे पोहणारे जीव) बऱ्याचदा मिळतात. ते इतके जोरात पळतात की पोरं फोकस करेपर्यंत गायब, त्यावर उपाय म्हणजे थेंबात कापसाचे चार धागे विस्कटून टाकायचे, धाग्यांच्या मधे ते अडतात आणि निवांत बघता येतात. हात साबणाने धुवायला लावा, थेंब कुणी चाखणार नाही एवढं बघा, बाकी काळजीचं काही नाही.

आणि आता ते, ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले. जुन्या विहिरीच्या पाण्यात बऱ्याचदा एक छोटा पांढरट ठिपका उड्या मारत जाताना नुसत्या डोळ्यांनीसुद्धा दिसतो. तो सायक्लॉप्स, पाण्यातला एक बारीक जीव. फोल्डस्कोपखाली धरला की डोक्याच्या मधोमध एकच डोळा, लालसर, आणि मादी असेल तर मागे दोन्ही बाजूंना अंड्यांच्या दोन पिशव्या लटकलेल्या. आमच्या पोरांना तो सापडला तेव्हा वर्गात नुसता गलका. मी फक्त एवढं सांगितलं की याचं नाव सायक्लॉप्स, आणि घरी जाऊन आजी-आजोबांना "नारू" म्हणजे काय ते विचारून या. बस. दुसऱ्या दिवशी पोरं बोलायची थांबेनात. कुणाच्या आजोबांच्या पायातून तो दोऱ्यासारखा जंत बाहेर आला होता, काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायचे, तुटला की पाय सुजायचा. कुणाच्या आजीने सांगितलं की पायऱ्यांच्या विहिरीत उतरून पाणी भरायचं आणि तेच प्यायचं. कुणाला आजीने पाणी फडक्याने गाळायची पद्धत करून दाखवली, पदर दुहेरी करून. ज्या मुलांना "जलजन्य रोग" हा मुद्दा पाठ करताना झोप येते तीच मुलं.

मग आम्ही फळ्यावर साखळी मांडली. नारूचा रोगी पायऱ्यांच्या विहिरीत पाय बुडवतो, जंताच्या अळ्या पाण्यात सुटतात, सायक्लॉप्स त्या खातो, माणूस ते पाणी गाळल्याशिवाय पितो, आणि साधारण वर्षभराने त्याच्या पायातून जंत बाहेर पडतो, पुन्हा पहिल्यापासून. "मग साखळी कुठे तोडायची?" हे मुलांनीच सांगितलं, गाळा, विहिरीत उतरू देऊ नका, सायक्लॉप्स मारा. देशात नेमकं हेच केलं गेलं, नारू निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८३-८४ ला सुरू झाला, महाराष्ट्रही नारूग्रस्त राज्यांत होता, शेवटचा रोगी १९९६ मध्ये राजस्थानात सापडला आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त असल्याचं प्रमाणपत्र दिलं. लस नव्हती, औषधाने बरा होत नव्हता, गाळलेल्या पाण्यावर आणि लोकांनी ऐकण्यावर हा रोग गेला. हे मी सांगितलं तेव्हा वर्ग शांत होता पण कंटाळून नव्हे. एका मुलाने विचारलं की मग सायक्लॉप्स अजून विहिरीत आहे तर नारू परत येईल का? बघा हा प्रश्न. त्याचं उत्तर मुलांनी साखळीवर बोट ठेवून काढलं, की रोगीच नाही तर अळ्या येणार कुठून. हा प्रश्न पुस्तकातल्या स्वाध्यायात नाहीये, आणि तो त्या पोराला पडला कारण सायक्लॉप्स त्याने स्वतः पकडला होता.

बाकी बघायला खूप आहे, भराभर सांगते. गणवेशाचा धागा: कापसाचा तंतू पिळलेल्या चपट्या फितीसारखा दिसतो आणि पॉलिएस्टरचा सरळ गुळगुळीत, आमच्या पोरांना त्यांच्याच शर्टात दोन्ही सापडले. बटाटा खरवडून त्याचा थेंब, स्टार्चचे कण छान दिसतात, त्यात पातळ केलेलं आयोडीन सोडलं की निळे-काळे होतात. जास्वंदीचे परागकण काटेरी गोळे, मक्याचे गुळगुळीत. डासाच्या पंखावरचे खवले. मीठ आणि साखर शेजारी शेजारी. रिओ या शोभेच्या झाडाच्या जांभळ्या पानाच्या खालच्या पापुद्र्यावर पर्णरंध्रं, म्हणजे पानाची बारीक छिद्रं. कांद्याचा पापुद्रा अर्थातच, आयोडीन टाकलं तर केंद्रकही दिसतं. गालाच्या आतल्या पेशी घ्यायच्या तर प्रत्येकाने स्वतःचीच नवी काडी आणि स्वतःचीच स्लाइड, आणि रक्त अजिबात नको, सुई टोचून रक्त काढायचा प्रकार वर्गात करूच नका.

आकार किती हे विचारायची सवय लावा. प्रत्येक स्लाइडमध्ये एक केस शेजारी ठेवायचा. माणसाचा केस साधारण ६० ते १०० मायक्रॉन जाड (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). मग "मॅडम हा केसाच्या दुप्पट आहे", "माझा केसाच्या निम्मा आहे" असं बोलणं सुरू होतं, गुणोत्तर प्रमाण त्यात आपोआप येतं, आणि गणिताच्या सरांनी येऊन बघितलं तर त्यांनाही एक तास त्यात घालवावासा वाटेल.

आता वर्गात काय बदलावं लागलं ते. एक, आकृती. पुस्तक बंद. जे दिसलं तेच काढायचं, अर्धवट दिसलं तर अर्धवट, पापणीचा केस दिसला तर तोही. सुरुवातीला हुशार म्हणवणाऱ्या मुलांना हे फार जड जातं, त्यांना सुबक आकृतीला मार्क मिळायची सवय असते, आणि त्यांच्या आई-वडिलांनाही, एका पालकांनी वही आणून दाखवली की "मॅडम हे काय गिचमिड, आधी किती छान आकृत्या काढायचा". मी त्यांना त्याच फोल्डस्कोपमधून तीच स्लाइड बघायला लावली. त्यांनी बराच वेळ बघितलं आणि मग पोराला म्हणाले, "अरे बरोबर काढलंयस की." दोन, दोन तास सलग मागून घेतले, मुख्याध्यापकांनी दिले, शनिवारी जमलं तर अजून चांगलं, आनंददायी शनिवारचा उपक्रम शासनाने पहिली ते आठवीसाठी आणलाच आहे तर त्यात हे बसतं. तीन, वर्गाच्या मागच्या भिंतीवर एक मोठा कागद, ज्याला प्रश्न पडेल त्याने लिहायचा, नाव घालून. उत्तर मी तिथे लिहीत नाही, ज्या कुणाला सापडेल त्याने लिहायचं.

चार, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, मार्क. ज्याला मार्क नाहीत ते मुलं, पालक आणि आपण शिक्षकसुद्धा फार दिवस मनावर घेत नाही, हे खरं आहे. त्यासाठी नवीन काही परवानगी लागत नाही, आकारिक मूल्यमापनात (वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनात) प्रात्यक्षिक, उपक्रम, निरीक्षण ही साधनं आहेतच, त्यांच्या खाली पुस्तकातून उतरवलेली जर्नल जमा करून घेण्याऐवजी ही निरीक्षणवही धरायची. चाचणीत मी एक प्रश्न असा टाकते की "तू स्वतः पाहिलेली एक गोष्ट, तिच्याबद्दल तुला पडलेला एक प्रश्न, आणि तो सोडवायला तू काय करशील". याची गाईडमध्ये उत्तरं नाहीत. मध्य प्रदेशात होशंगाबादला १९७२ पासून विज्ञान शिकवण्याचा जो कार्यक्रम चालला, किशोर भारती आणि रसूलियाच्या फ्रेंड्स रूरल सेंटरने १६ शाळांत सुरू केलेला, पुढे एकलव्य संस्थेने सांभाळलेला, त्यात मुलं पुस्तक उघडून परीक्षा द्यायची आणि प्रयोग करून दाखवायची. साध्या गावातली सरकारी शाळेची मुलं. २००२ मध्ये तो बंद केला गेला याचं मला अजून वाईट वाटतं. पण त्यातली ही एक गोष्ट आपण आपल्या वर्गापुरती उचलू शकतो, की परीक्षा पण तशीच घ्यायची जसं शिकवलंय.

आता उणिवा, कारण त्या लिहिल्याशिवाय हे अर्धवट राहील. १४० पट हे पेशी, परागकण, पाण्यातले जीव यांना पुरतं, जीवाणूंना पुरत नाही. ताकातले लॅक्टोबॅसिलाय नीट बघायचे तर शाळेतला मोठा सूक्ष्मदर्शकच काढा, म्हणून तो विकू नका किंवा भंगारात टाकू नका. पुस्तकात जीवाणूंची जी रंगीत चित्रं असतात तसं काहीतरी दिसेल अशी मुलांची अपेक्षा असते, ते आधीच सांगून टाका. मण्याची लेन्स असल्यामुळे मधला भाग स्वच्छ आणि कडा धूसर दिसतात. डोळा अगदी लेन्सला चिकटवावा लागतो, त्यामुळे लहान मुलांना, पाचवीच्या खालच्या, जमायला वेळ लागतो, एक डोळा मिटता येत नाही अशी पण मुलं असतात, त्यांनी दुसऱ्यावर हात ठेवायचा. चष्मा असलेल्यांनी चष्मा काढून बघायचं, फोकस हलवला की बहुतेकांना दिसतं. हात थरथरला की चित्र थरथरतं. लेन्सवर बोटाचा तेलकट डाग बसतो, मऊ सुती कापडाने हलकेच पुसा. आणि उजेडाचं नीट ऐका: आकाशाकडे धरा, खिडकीकडे धरा, पांढऱ्या भिंतीकडे धरा, सूर्याकडे कधीच नाही, हे मी प्रत्येक तासाच्या सुरुवातीला म्हणवून घेते कारण यात डोळा जाऊ शकतो. पावसाळी ढगाळ दिवस असेल तर एलईडी लागतो, तो काही किटमध्ये येतो, काहींत नाही, घेताना बघून घ्या.

मोबाइलचं. चुंबकाने फोनच्या कॅमेऱ्याला तो लावता येतो आणि फोटो, व्हिडिओ छान येतात. मग काय होतं की शिक्षकाला वाटतं आता एकच फोन, प्रोजेक्टरला जोडला, सगळ्यांना एकदम दाखवलं, तास वाचला. असं केलंत तर पैसे फुकट गेले म्हणून समजा. पोरं पुन्हा भिंतीकडे बघत बसली, फक्त रांग गेली. मी फोन शेवटच्या दहा मिनिटांतच काढते, ज्याला काही वेगळं सापडलंय त्याचीच स्लाइड मोठी करून दाखवते आणि सांगायचं काम त्यानेच करायचं. बोलायला लाजणारी मुलं स्वतः पकडलेल्या किड्याबद्दल न अडखळता बोलतात हे मी बघितलंय.

कुणी घ्यावा? सहावी ते नववीच्या शाळांनी नक्की. घरी एका मुलासाठी घेणाऱ्या पालकांनीही घ्या, पण मग शेजारच्या दोन पोरांना पण बोलवा, एकट्याने चार दिवस बघून तो कपाटावर जातो, भांडायला कुणी असलं की टिकतो. ज्यांना अजिबात पैसे नाहीत त्यांनी पाण्याच्या थेंबापासून आणि साध्या भिंगापासून सुरुवात करा, पुण्याच्या अरविंद गुप्तांनी टाकाऊ वस्तूंतून बनवलेल्या शेकडो खेळण्यांची माहिती फुकट उपलब्ध आहे, मराठीतही, त्यातलं एक उचला. वस्तू कुठली हे दुय्यम आहे, ती प्रत्येक मुलाच्या हातात किती वेळ राहते हे मोजा. शाळेकडे निधी नसेल तर ग्रामपंचायतीकडे मागा, माजी विद्यार्थ्यांकडे मागा, आमच्याकडे गावातल्या लोकांनी वर्गणी काढली, त्यातले काही जण आता शाळेत येऊन स्वतः बघून जातात.

ज्या शाळेत विज्ञानाच्या शिक्षकाला जनगणना, निवडणूक, सर्वेक्षण आणि ऑनलाइन माहिती भरणं यातून वर्गात जायलाच मिळत नाही तिथे हे किट घेऊन काय करणार, असं एका मैत्रिणीने विचारलं. तिचं खरं आहे आणि ती तक्रार आपण सगळ्यांनी जोरात करायलाच हवी. तरी तिला मी सांगितलं की मी वर्गात नसताना सातवीची पोरं आठवीच्या पोरांकडून जोडणी शिकली होती आणि मी आले तेव्हा त्यांचा तास चालू होता.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो धूसर कडा आणि चुंबकांसाठी. मागवायचा असेल तर मे मध्ये मागवा, म्हणजे शाळा सुरू होईपर्यंत हातात येईल, जूनमध्ये जोडणी उरकेल आणि जुलैत पावसाने डबकी भरली की थेट पाण्यावर सुरुवात करता येईल. सोबत कव्हरस्लिप (स्लाइडवर झाकायच्या पातळ काचा) जास्तीच्या घ्या, फुटतात, नाही मिळाल्या तर पारदर्शक सेलोटेपने पण बरंच काम होतं. ड्रॉपर मेडिकलमध्ये मिळतात. आणि तुमच्या गावात जुनी पायऱ्यांची विहीर किंवा बारव असेल तर पहिलं पाणी तिथलंच काढा, मोठ्या माणसाला बरोबर घेऊन, बादली दोरीने सोडून, पोरांना आत उतरू न देता.